कुजबुजत वाचणारी आर्या

मंडळी, मंगळवारी मी इथे वैतागून लिहिलं होतं ना, की माझ्या तिसरीच्या वर्गातली आर्या वाचायला उभी केली की तोंडच उघडत नाही? तुम्ही डोळे तपासायला सांगितलंत, जोडाक्षरांचे तक्ते पाठवलेत. बोरिवलीत अंगणवाडी चालवणाऱ्या सुनीताताईंनी मात्र एवढंच विचारलं, "अगं, तिच्या घरी दुपारी कोण झोपलेलं असतं?"

मला तो प्रश्नच कळला नव्हता. आज मधल्या सुट्टीत आर्याला विचारलं.

"पप्पा. ते नाइटला वॉचमन आहेत. एकच रूम आहे ना, मोठ्याने वाचलं की उठतात."

आणि मी हिच्या प्रगतिपुस्तकात 'वाचन येत नाही' लिहायला निघाले होते! बारा वर्षं शिकवतेय, पण माझ्या घरी प्रत्येकाला वेगळी खोली.

मी खुर्ची तिच्या बाकाला चिकटवली आणि कान पुढे केला. तिने अख्खा धडा कुजबुजत वाचला, कुठेही न अडखळता.

लगेच सुनीताताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आमचे बाबा मिलमध्ये रात्रपाळीला होते गं. ते जाऊन वीस वर्षं झाली, दुपारी मी अजून हळूच बोलते."

सांगा ना, लहानपणी तुम्ही कुणाची झोप जपलीत?