आईचा डबा आणि धुतलेली तबकडी

भाजे गावातल्या देवळापुढे टॅक्सी उभी होती. माझ्या धाकट्या भावाने, किसनने, बॅग डिकीत टाकली आणि म्हणाला, "आक्का, आता लेकीकडंच ऱ्हा. हितं तुजं करायला कोन न्हाई." खरंच बोलला. नवरा गेला होता, गुडघे गेले होते आणि आमच्या भातखाचरात कुणाचा तरी पोहायचा तलाव झाला होता. मी रडले नाही. आणखी पाणी कशाला?

इंग्लंडात येऊन आता बरेच हिवाळे झाले. हीटिंग लावता येतं, कुठल्या दिवशी कचऱ्याचा कुठला बिन बाहेर ठेवायचा ते कळतं. गावाकडच्यांनो, एक गोष्ट मात्र तुम्हाला खोटी वाटेल. इथे लोक पाखरांसाठी दाणे विकत आणतात आणि बागेत टांगून ठेवतात. आईने पाहिलं असतं तर आधी कपाळावर हात मारला असता, मग पाखरांवर दगड.

भात पिकायला आलं की आई खाचरातल्या उंच माळ्यावर उभी राहून पत्र्याचा डबा बडवायची. तीन ठोके, थांबा, परत दोन. एका चालीत बडवलं तर पाखरं सरावतात, असं ती म्हणायची. खाचराला लागूनच मुंबईवाल्यांचा बंगला होता. आबा, म्हणजे माझे वडील, तिथे राखण करायचे. एका वर्षी बंगल्यात केस वाढवलेली चार पोरं आली. गिटारी, ढोल आणि दिवसभर इंग्रजी गाणी. हे गाणं म्हणजे दाढ दुखल्याचं ओरडणं, असं आमचं मत होतं.

एक दिवस त्यांनी टेपचं मशीन आणलं. गाणं भरायचं म्हणून आबांना पिटाळलं. आबा माळ्याखाली येऊन म्हणाले, "आगं, डबा थांबीव. त्येंच्या गान्यात जातोय."

आई वरूनच ओरडली, "त्येंचं गानं उद्या व्हईल. माजं भात ऱ्हाईल का उद्याला?"

डबा थांबला नाही. पोरांनी तसंच भरलं. पुढे तबकडी निघाली तेव्हा त्यांनी ती आम्हाला बंगल्यात वाजवून दाखवली. दुसऱ्या कडव्यानंतर गिटार जराशी थांबते, तिथे आईचा डबा. आई पदर तोंडाला लावून हसली. "ह्येच्यात मीच बरी वाजीवते!" पोरांनी एक तबकडी तिला दिली. आमच्याकडे वाजवायला काही नव्हतं. आईने ती दह्याच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवली. चुलीच्या धगीने ती पापडासारखी वाकली. आईचा फोटो कधी काढला नाही. तिचं म्हणून जे काही उरलं होतं, ते त्या तबकडीत होतं.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीने, सुनंदाने, फोनवर शोधलं. त्या पोरांची सगळी जुनी गाणी नव्याने काढली आहेत. छोट्या तबकड्या, मोठे अल्बम, सगळं एका पेटीत. तिने ती मागवली, मशीनही आणलं. मी खुर्ची ओढून जवळ बसले.

आधी अल्बममधलं तेच गाणं लावलं. दुसरं कडवं झालं, डबा नाही. सुनंदा पेटीवरचं वाचून म्हणाली, "आई, हे मुंबईत स्टुडिओत परत केलेलं आहे. आपल्या गावच्या बंगल्यातलं या छोट्या तबकडीवर आहे." ती लावली. पोरगा गायला. आवाज इतका लख्ख, जणू कालच आंघोळ करून आलाय. दुसरं कडवं संपलं. गिटार थांबली.

काही नाही.

सुनंदाने परत वाचलं. तिचा आवाज उतरला. "आई, मागचा सगळा गोंगाट काढून टाकलाय, असं लिहिलंय."

"गोंगाट नव्हता तो. तुझी आजी होती," मी म्हटलं.

मी स्वयंपाकघरात गेले, बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा केला, पळी घेतली. "लाव पुन्हा." दुसरं कडवं संपलं आणि मी हाणलं. तीन, थांबा, दोन. हात कुठेही चुकला नाही. भाज्यात आता तलाव आहे, तबकडीवर शांतता आहे. घर मनगटात तेवढं राहिलंय.

"आई, शेजारी काय म्हणतील!"

"सांग त्यास्नी, पाखरं लय झालीत."

शेजारच्या दाण्यांवरची पाखरं भर्रकन उठली. सुनंदाने सुई परत मागे ठेवली.