मार्चमधला पूर

चिमाजी पगारे निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण कचेरीतली जुनी माणसं अजून त्यांना 'आपत्ती' म्हणूनच ओळखतात. खांद्यावर दोराचं वेटोळं, गळ्यात शिट्टी आणि काखेत ट्रकच्या टायरची ट्यूब घेऊन हा माणूस जिना उतरायला लागला, की कोणीतरी हमखास म्हणायचं, "सरका बाजूला, आपत्ती आली!" पगारेही हसायचे आणि खाली उभ्या असलेल्या जीपमध्ये सामान टाकून हरसूलला नाहीतर सटाण्याला वर्ग घ्यायला निघून जायचे.

पगारे मूळचे एकलहऱ्याचे. वडील वीज केंद्रात मजूर. पोरगा सरकारात कारकून म्हणून लागला तेव्हा त्यांनी अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले होते. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा पगाऱ्यांना दोन महिने लातूरकडे कामावर पाठवलं. तिथे त्यांनी पाहिलं, की सरकारी गाडी पोचायच्या आधी शेजाऱ्यांनीच नुसत्या हातांनी दगड उपसून माणसं बाहेर काढली होती. परत आले ते हेच डोक्यात घेऊन. संकटात पहिला धावतो तो शेजारी, तेव्हा शिकवायचं तर शेजाऱ्याला. पुढे आपत्ती व्यवस्थापन प्रशिक्षणाचं टेबल निघालं आणि कोणालाच नको होतं म्हणून ते पगाऱ्यांकडे आलं. त्यांना मात्र लॉटरी लागल्यासारखं झालं.

काय एकेक वर्ग व्हायचे ते! शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, समोर तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडीच्या बाया आणि गावातली पट्टीची पोहणारी माणसं. तेलाचे रिकामे डबे बांधून तराफा कसा करायचा, बुडणाऱ्याला केसांनी का धरायचं, धोतराची झोळी करून म्हातारं माणूस कसं न्यायचं, हे सगळं पगारे स्वतः करून दाखवायचे. झोळीत बसायला कोणी तयार नसलं तर स्वतः बसायचे आणि पाडलं तरी कपडे झटकून पुन्हा बसायचे. आता मोबाइलवर एका क्षणात इशारा येतो, ते चांगलंच आहे. पण झोळीतून धपकन पडणारा साहेब बघून गाव जे खदखदून हसायचं, त्याची मजा काही औरच होती.

एकच गोम होती. सरकारचं वर्ष एकतीस मार्चला संपतं. वर्षभर ज्याची आठवण नाही ते प्रशिक्षण कचेरीला फेब्रुवारी सरता सरता आठवायचं आणि मग सगळे वर्ग मार्चमध्ये उरकायची घाई. म्हणून पगाऱ्यांच्या वर्गातला पूर नेहमी मार्चमध्येच यायचा. ठणठणीत कोरड्या पात्रात लोक घाम पुसत बुडायचे आणि वाचवल्यावर ताक मागायचे.

पिंपळठाण हे त्यांचं लाडकं गाव. गोदावरीच्या काठावर, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला ओढा अशा बेचक्यात वसलेलं. चाळीस घरं, सगळे भाजीपाला आणि झेंडू पिकवणारे. अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये तिथे मोठं प्रात्यक्षिक ठरलं. ओढा ओलांडून पलीकडच्या टेकाडावरच्या देवळात गाव हलवायचं. टेकाडापर्यंत डांबरी रस्ता होता, साहेब लोकांच्या गाड्या थेट जात होत्या, मांडवालाही जागा होती. पगाऱ्यांनी घराघराच्या भिंतीवर लाल रंगाने बाण काढून घेतले. सगळे बाण ओढ्याकडे.

शिट्टी वाजायच्या आधी सखुबाई पुढे आली. मेथी-कोथिंबिरीचे वाफे करणारी, नाशिकच्या बाजारात रोज पाटी नेणारी खमकी बाई. म्हणाली, "साहेब, पावसाळ्यात या वढ्याला गळ्याइतकं पाणी ऱ्हातं. तिकडून कोणी जात नाय."

तेवढ्यात टेकाडावर मोठ्या साहेबांची गाडी दिसली. "मावशी, आपण नंतर बोलू," असं म्हणून पगारे धावले. अकरा मिनिटांत गाव देवळात पोचलं. टाळ्या झाल्या, हार झाले, पिंपळठाण आदर्श ठरलं. ते नंतरचं बोलणं राहूनच गेलं. पुढे दर मार्चला पगारे यायचे, बाण ताजे आणि लालभडक दिसायचे, गाव शहाण्या मुलासारखं ओढ्यातून चालत देवळात जायचं. ते पाहून त्यांचा ऊर भरून यायचा. नोकरीत आणखी काय हवं, असं ते घरी बायकोला म्हणायचे.

दोन हजार सहाचा पावसाळा उजाडला. तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी सकाळी धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला, तेव्हा पगारे नियंत्रण कक्षात फोनवर होते. पिंपळठाणचे सरपंच सहादू यांना त्यांनी ठासून सांगितलं, "घाबरू नका. शिकवलंय तसं करा. बाण बघून चला."

"व्हय साहेब, निघालोच," सहादू म्हणाले आणि फोन ठेवला.

पगाऱ्यांनी समाधानाने चहाचा कप उचलला. जीपचा ड्रायव्हर गोटीराम भिजून आत आला आणि म्हणाला, "साहेब, समदे वढे तुंबलेत. रस्त्यावर कमरंइतकं पाणी हाय." कप तसाच हातात राहिला. आठ वर्षांपूर्वी ऐकून न ऐकल्यासारखं केलेलं वाक्य त्यांना शब्दन् शब्द आठवलं. एकशे चाळीस माणसं त्यांच्या शब्दावर ओढ्याकडे निघाली होती. त्यांनी पुन्हा फोन लावला. लाइन मेली होती.

गोटीरामने जीप कशीबशी टेकाडाखाली आणली. पगारे धावत देवळात गेले. देऊळ रिकामं. एक चप्पलसुद्धा नाही. खाली ओढा लालसर पाण्याने फुगून वाहत होता आणि पलीकडची घरं अर्धी पाण्यात. पगारे देवळाच्या पायरीवर मटकन बसले. आयुष्यात इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती. आपणच मारलं यांना, एवढंच ते पुटपुटत होते.

गोटीरामने त्यांना दंडाला धरून उठवलं. "कालव्याकडून बघू," म्हणाला. लांबच्या पुलावरून वळसा घालून, पुढे वाट संपली तिथे जीप सोडून ते चिखल तुडवत गेले. तासाभराने गावामागचा कालव्याचा उंच बांध दिसला आणि बांधावर निळी ताडपत्री दिसली. ताडपत्रीखाली माणसं, शेळ्या, धान्याची पिंपं, तीन दगडांवर चहाचं पातेलं. पगाऱ्यांनी एकेका माणसावर बोट ठेवत दोनदा मोजलं. एकशे चाळीस. मग ते सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले.

"कोणी सांगितलं तुम्हाला इकडे यायला?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

सगळे सखुबाईकडे बघायला लागले. ती शेळीची दोरी आवळत म्हणाली, "सांगायचं काय त्यात? आमच्या सासऱ्यापासनं पुराला हिकडंच येतात."

"आणि भिंतीवरचे बाण?"

आता मात्र सगळ्यांच्या माना खाली गेल्या. शेवटी सहादूच बोलले. बाण पहिल्याच वर्षी पाऊस लागायच्या आधी बायांनी सारवून टाकले होते, उगा एखादं पोर चुकून त्या वाटेने जायला नको म्हणून. पुढे दर मार्चला साहेब यायच्या आदल्या दिवशी गाव पुन्हा रंग आणून बाण काढायचं आणि साहेब गेले की पुन्हा सारवायचं.

"आठ वर्षं?" पगारे म्हणाले. "अहो, मला सांगायचं तरी!"

"तुमी एवढ्या उन्हात जीव तोडून शिकवायचा," सखुबाई म्हणाली. "झोळीत बसून आपटायचा. वाईट वाटलं असतं ना तुमाला."

गावाने पगाऱ्यांना आठ वर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं आणि त्यांना वाटत होतं, आपण गाव जपतोय. सखुबाईने चहाचा पेला पुढे केला, तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

त्यांनी अहवालात सरळ लिहिलं, की मार्ग चुकीचा होता आणि चूक माझी होती. वरून बोलणी बसली, ती त्यांनी खाल्ली. पुढच्या वर्षी मात्र भांडून भांडून वर्ग जुलैत घेतला, भर पावसात. अंगणवाडीच्या बाया, तलाठी, ग्रामसेवक छत्र्या घेऊन उभे होते. पगाऱ्यांनी आपल्या गळ्यातली शिट्टी काढून सखुबाईच्या गळ्यात घातली आणि जाऊन तलाठ्यांच्या रांगेत शेवटी उभे राहिले.

सखुबाईने एकदा रांगेवरून नजर फिरवली. सरकारी माणसांना शिकवायचं म्हणून ती जरा लाजली, मग पदर खोचून करड्या आवाजात म्हणाली, "साहेब, आधी चपला काढा. या चिखलात तुमी दोन पावलं टिकायचा नाय."

पगाऱ्यांनी मुकाट्याने वाकून चपला काढल्या.