‘माहीत नाही’च्या रकान्यातली आई

“हिला हे कुणी पढवलं?”

सरांनी आईकडे बोट दाखवून मला विचारलं. आईला नाही विचारलं. ती समोरच सतरंजीवर बसली होती, दीड हातावर.

मी सरांच्या फॉर्मवरचा प्रश्न वाचला होता, तान्ह्या मुलाला जुलाब लागले तर काय कराल? आईने सांगितलं, उकळून गार केलेलं पाणी, चिमूटभर मीठ, थोडी साखर, घोट घोट पाजत राहायचं. अंगावरचं दूध तोडायचं नाही. टाळू खोल गेली तर वाट न बघता इस्पितळ. सव्वीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती ती. हे तिला येणारच.

“पढवून आणलंस ना?” सर म्हणाले. “आपल्यातली म्हणून तुला काम दिलं, आणि माझाच अभ्यास नासवतेस?”

अभ्यास बघायला आलेले, खुर्च्यांवरचे पाहुणे हसले. सतरंजीवर आमच्या गल्लीतल्या बायका आपापल्या पाळीची वाट बघत होत्या.

‘आपल्यातली’ म्हणजे काय, तेही सांगते. तंजावुरात आम्ही मराठी बोलणारे. सरांचे पूर्वज मराठा राजांबरोबर आले, आमचेही आले. त्यांचे पालखीत बसून, आमचे पालखी खांद्यावर घेऊन. ते राजवाड्यामागच्या गल्लीत राहिले, आम्ही नाल्याकाठी. भाषा एक, पंगत कधीच एक नव्हती. मराठीची अक्षरं मी कॉलेजात असताना एकटीने शिकले. सरांना ती आजही वाचता येत नाहीत. त्यांच्याकडे वारसा आहे, वाचायची गरज पडत नाही.

सरांचा अभ्यास होता ‘विविध समाजगटांतील शिक्षण व आरोग्यजागृती’. राजवाड्याकडचे लोक गट एक, बाजारपेठेतले गट दोन, आम्ही गट तीन. पद्धत सोपी. आधी प्रश्न विचारायचे, मग भाषण द्यायचं, मग तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. दोन्हींतला फरक म्हणजे जागृती. फरक मोठा दिसायचा तर आधीची उत्तरं चुकायला हवीत. आई आधीच बरोबर बोलली. जागृत व्हायला तिने जागाच ठेवली नाही.

प्रश्नावली सरांची नव्हतीच. पश्चिम आफ्रिकेतल्या कुठल्याशा खेड्यांसाठी कुणी तयार केलेली, सरांनी गावांची नावं बदलून तमिळमध्ये आणलेली. एक प्रश्न तसाच राहून गेला होता: ‘गावप्रमुखाच्या अंगणात आरोग्यावर सभा भरते का?’

“अय्यो, कुणाचं अंगण? वॉर्डाच्या मेंबरचं?” आमच्या शेजारच्या अक्का म्हणाल्या होत्या. “गेट उघडलं तर बघून सांगते गे.”

मी हसले होते. मग एकदम वाटलं, तिकडच्या बायकांनी खरं काय सांगितलं असेल? आणि कागदावर काय उतरलं असेल? अशी शंका एकदा आली की जात नाही.

शंकेला कारण होतं. गट एकमध्ये मला सरांच्याच आत्याकडे पाठवलं होतं. “तिथे फार विचारत बसू नकोस, शिकलेली माणसं आहेत,” सर म्हणाले होते. आत्याबाईंनी ओट्यावर बसवून कॉफी दिली, कागदी पेल्यात. घरातले स्टीलचे पेले आत चकाकत होते. साखरेच्या आजाराचा प्रश्न आला तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्या घराण्यात तसलं काही नाही.” बोलताना त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतला. अंगठा काळा पडला होता, वर हळद थापलेली. मी म्हटलं, आजच डॉक्टरांना दाखवा. त्या म्हणाल्या, “तू लिहायला आलीस की नाही?”

मी ‘माहीत नाही’वर खूण केली. दोन दिवसांनी पाहिलं तर ती खोडून ‘माहीत आहे’ केलेली. आम्हाला पेन्सिली का दिल्या होत्या, ते तेव्हा कळलं.

कळूनही मी गप्प बसले. गप्पच नाही, त्याहून वाईट. आमच्या गल्लीतल्या आधी विचारलेल्या बायकांच्या कागदांवर मी स्वतःच ‘माहीत नाही’ लिहीत गेले. अक्कांच्याही. काम चार महिन्यांचं होतं, पुढे कायम करतो म्हणाले होते. घरात पदवीधर मी एकटी. अशी कारणं मला पुष्कळ सापडली. कारणं सापडण्यासाठीच तर शिकले होते.

आणि आता समोर आई होती.

“तो कागद नीट कर,” सर म्हणाले. “‘माहीत नाही’ लिही. पुढची बोलाव.”

मी पेन्सिल उचलली. होय, उचलली.

आई आता तमिळ सोडून मराठीत बोलली, ‘आपल्यातली’ म्हणणाऱ्या सरांनीही ऐकावं म्हणून. “मला येतं ते मी सांगितलं. येत नाही असं लिहायचं तर लिही. पण माझ्याकडे बघून लिही.”

मी बघितलं. मग कागद उलटा करून शेवटचा प्रश्न वाचला. ‘आजार न टळण्याचं कारण कोणतं?’ पर्याय तीन: अज्ञान, अंधश्रद्धा, आळस. आमच्या नळात नाल्याचं पाणी मिसळतं. पाइप फुटून तीन वर्षं झाली. आमच्या दर अर्जाला महापालिकेचं एकच उत्तर येतं: लोकांमध्ये जागृती नाही. म्हणजे मी लिहिलेलं प्रत्येक ‘माहीत नाही’ त्या फुटक्या पाइपावर ठेवलेलं झाकण होतं.

मी उठले. पाहुण्यांतल्या एकाच्या खिशातलं पेन मागितलं, त्याने गोंधळून दिलं. आईची उत्तरं मोठ्याने वाचली आणि शाईने लिहिली. शेवटी चौथा पर्याय घातला: पाइप. मग आधीच्या बायकांचे कागद काढले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “हे मी खोटं लिहिलंय. अक्का, तुम्ही बरोबर सांगितलं होतं.”

अक्का म्हणाल्या, “ते मला ठाऊक आहे गे. तू सांगितलंस, बरं केलंस.”

“उद्यापासून येऊ नकोस,” सर म्हणाले.

बायका काही घोषणा देत उठल्या नाहीत. सांबारभाताची पाकिटं मिळायची होती, ती घेऊनच गेल्या. आईनेही घेतलं. तासभर बसल्याचा तो हक्क होता.

अहवाल निघाला, शाईने लिहिलेलं वगळून. सुरेख छपाई. ‘गट तीनमध्ये लक्षणीय सुधारणा’, आणि शेजारी आईचा फोटो, तिला न विचारता. पाइप होता तसाच आहे.

आता आमच्या गल्लीत एक नियम आहे, तो मी दारोदार जाऊन पक्का केला. कुणीही फॉर्म घेऊन आलं तर तो आधी चौकात मोठ्याने वाचायचा. आमचं उत्तर शाईने लिहायचं, आम्ही वाचल्यावरच सही, आणि एक प्रत आमच्याकडे ठेवून जायची. हे मान्य नसेल तर दार बंद. गेल्या महिन्यात दोन संस्था आल्या. पहिला प्रश्न मीच विचारला, “आमच्याबद्दल काय लिहायचं ते ठरवून आलात का?” दोन्ही परत गेल्या. तिसरी येईल. मी दारातच उभी असेन.