आधी बोर्डाला विचारायचं

आम्ही एका खोलीत पाच माणसं राहायचो आणि त्या खोलीचा निम्मा भाग तेंदूच्या पानांनी अडवलेला. सूतगिरणी बंद पडल्यावर वडील घरी बसले, तेव्हापासून घर आईच्या बोटांवर चालायचं. ती विड्या वळायची. माझ्या दप्तराला, डब्याला, वेणीलासुद्धा तंबाखूचा वास. वर्गात मुली नाक दाबायच्या. दाबू देत. त्याच वासात अभ्यास करून मी इंजिनिअर झाले, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली.

वळलेल्या विड्या कारखान्यावर द्यायला मी आईबरोबर जायचे. तिथला चेकर वरचं एक बंडल सोडून बघायचा आणि त्यात खोट दिसली की अख्खी पाटी छाटात, म्हणजे बाद. पान-तंबाखू कारखान्याचं; बाद झालेलं आईनेच भरून द्यायचं. एकदा तर त्याने बंडलही सोडलं नाही; नुसती नजर टाकली आणि पाटी बाजूला सरकवली. आई दारातच बसली.

“उघडून बघा की.”

“बाई, मागं लाईन लागलीय.”

“लागू द्या. न बघता बाद केलेलं मी न्हाय घेणार.”

मागून एक बाई म्हणाली, “बघा ओ सायेब, न्हायतर ती हितंच चूल मांडंल.”

लाईन हसली. त्याने बंडलं सोडली. चार विड्या खराब निघाल्या.

“चार टाका,” आई म्हणाली, “बाकीच्या लिहून घ्या.”

पुढच्या आठवड्यात तिला मुद्दाम फाटकी पानं मिळाली. तिने त्यातूनही विड्या काढल्या.

मला नोकरी लागली एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत. टॉवेलच्या मागावर सेन्सरला धागा तुटलेला कळला की माग थांबवणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड आम्ही बनवतो. माझं काम ड्रायव्हर लिहायचं. बोर्ड आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, यांच्यात बोलणं घडवणारा हा प्रोग्राम. सुरू होतानाच तो बोर्डाच्या माहितीची फाइल वाचतो: सेन्सर किती, कुठल्या पत्त्यावर. इथे चुकलं तर मोबाईलचं एखादं ॲप बंद पडावं तसं होत नाही, सगळं यंत्रच आडवं होतं. म्हणून सेन्सरची संख्या वापरण्याआधी तिची नोंद फाइलमध्ये आहे का, हे मी तपासलं. नसेल तर कारण लिहायचं आणि बोर्ड जोडायचा नाही.

प्रोबेशनचा शेवटचा आठवडा होता. माझा कोड बघणारे सर म्हणाले, “मॅडम, हे कॉलेज नाही. ही नोंद आपल्या सगळ्या बोर्डांना असते. तपासणी काढून टाका.”

“जुन्या बोर्डांना पण आहे, सर?”

“नसली तर नेहमीचे आठ धरा.”

“आणि चारच सेन्सर असले तर?”

“तुम्हाला कायम व्हायचंय ना?”

व्हायचं होतं की. घरात दुसरा पगार नव्हता. तरी मी म्हणाले, “बोर्ड बघितल्याशिवाय आठ धरणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मी सामानाचं कपाट उघडलं. एकेक बोर्ड हातात घेतला, एकेकाची फाइल वाचली. तळाशी तीन जुने सापडले. सेन्सर चारच, आणि संख्येची नोंदच नाही. असे बोर्ड गिऱ्हाइकांच्या मागांवर अजून चालू होते. सरांना बोलावलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आठ धरून एक बोर्ड सुरू केला. ड्रायव्हर पाचवा सेन्सर शोधायला नसलेल्या पत्त्यावर गेला आणि कर्नल कोसळलं. मग माझा ड्रायव्हर घातला. लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, एकच ओळ आली: सेन्सरची संख्या दिलेली नाही, बोर्ड जोडला नाही. बाकी यंत्र चालूच.

“पण बोर्ड चालला कुठं?” सर म्हणाले. “गिऱ्हाईक माझ्याच नावानं ओरडणार.”

तेही खरंच होतं. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी तिन्ही बोर्डांच्या फाइलींत चार ही संख्या लिहिली आणि ते पुन्हा सुरू केले. तिन्ही चालले.

“लई हट्टी आहात,” सर म्हणाले.

“आईवर गेलेय.”

तो ड्रायव्हर, दुरुस्त केलेल्या फाइलींसकट, आज गिऱ्हाइकांकडच्या जुन्या आणि नव्या, दोन्ही बोर्डांवर चालतो. तपासणी त्यात आहे. मी नोकरीत कायम झाले.