घडीची खुर्ची

शेजारचे काका दर रविवारी कोपरीच्या मैदानावर आमच्या फुटबॉल संघाला बघायला घरून घडीची खुर्ची नेतात. जुने खेळाडू सोडून गेलेत. नवी पोरं एकदा चार गोल मारतात, पुढच्या खेपेला पाच खातात. "बांधणी चालू आहे हो," काका म्हणतात, "आमच्या बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटच्या आधी उभी राहतील." ती खुर्ची ते कुणालाही देत नाहीत, एका सामन्याला आलेल्या, हार घालून घेऊन थकलेल्या प्रमुख पाहुण्यांनाही दिली नव्हती.

परवा गोलकीपरच्या पायांमधून चेंडू गेला आणि आम्ही हरलो. पोरगा गोलातच बसून राहिला.

"काका, मी सोडतोय."

काकांनी खुर्ची नेऊन गोलात मांडली. "वर बस आधी." मग स्वतः धोतराची पर्वा न करता मातीत बसले. "हं, आता सांग, रविवारी किती वाजता येतोयस?"