बशीमावशींचा शेरा

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे बशीमावशी म्हणत. काचेच्या चपट्या बश्यांत रोगजंतू वाढवायचे आणि त्यांच्यावर औषधं घालून बघायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. हात इतका स्थिर, की मोठमोठे शास्त्रज्ञ आपल्या बश्या गुपचूप त्यांच्याकडून करून घेत आणि नाव स्वतःचं लावत.

त्यांच्या धाकट्या बहिणीच्या पायाच्या हाडात जंतू शिरले. एकही औषध लागू पडेना. मावशींनी रीतसर परवानगी काढून ते जंतू आणले, वाढवले. संगणकाच्या बुद्धीने सुचवलेली चाळीस रसायनं कपाटात पडून होती, ती एकेक घालून पाहिली. तेविसाव्या बशीत थेंबाभोवतीचे जंतू साफ मेले होते. मावशी स्टुलावर बसून रडल्या.

मग डोळे पुसून वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'हे रसायन संगणकाने सुचवले.' आमच्याकडे वहीत लपवाछपवी करत नाहीत. इथेच घात झाला. नवा कायदा सांगत होता, यंत्राने सुचवलेलं काहीही समितीने तपासल्याशिवाय पुढे न्यायचं नाही. कायदा वेडा नव्हता. मागे एकदा यंत्राने खुशाल विष सुचवलं होतं. पण समितीला अध्यक्षच नेमलेला नव्हता! आवक-जावक माझ्याकडे. शेरा वाचून फाइल मीच वर पाठवली. त्याची टोचणी अजून जात नाही.

"भाऊ, आलं का काही?" मावशी रोज विचारायच्या.

"येईल हो मावशी." दुसरं काय सांगणार, कपाळ?

सातव्या महिन्यात बहीण गेली. नवव्या महिन्यात दुसऱ्या एका देशाने तेच रसायन सापडल्याचं जाहीर केलं. मग मात्र वरचे खडबडून जागे झाले. एकाच दिवशी दोन पत्रं आली. एकात 'आपला देश मागे का पडला, याचा खुलासा करावा', दुसऱ्यात ते रसायन त्याच जंतूंवर पुढे तपासायची आमची परवानगी. वरातीमागून घोडं!

परवानगीचं पत्र घेऊन मी गेलो, तेव्हा मावशी जुन्या बशीतले जंतू नव्या बशीत लावत होत्या. असं वरचेवर केलं नाही तर ते मरतात.

"कुणाचे हे?"

"तिचेच. बहीण नाही जगवता आली, भाऊ. हे तेवढे दर महिन्याला जगवतेय."

मी कागद पुढे केला. त्यांनी सावकाश वाचला.

"म्हणजे आता हेही मारायचे," त्या म्हणाल्या.