कोळ्याच्या नोंदीत मी सुधारलेलं वाक्य

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. ज्या मित्रांसमोर बाकी सगळं बोलून मोकळा झालो, त्यांनाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही काकांना ओळखत नव्हता, म्हणून सोपं जात असेल कदाचित.

सत्तरच्या दशकात मी वाशीमला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. नोकरी कच्ची, ताठा मात्र पक्का. त्या सुमारास एका मराठी ज्ञानकोशाच्या संपादकांनी माझ्याकडे एक नोंद तपासून सुधारायला पाठवली — बाभळीवर शेकड्यांनी एकत्र जाळं करून राहणाऱ्या कोळ्यावरची. केवढा मान! प्राचार्यांना ते पत्र मी दोनदा दाखवलं. नोंद लिहिणारे होते कामरगावचे एक जैन कापड दुकानदार. शिक्षण सातवी. मला हसू आलं — खोटं कशाला बोलू?

गाव त्यांना काका म्हणायचं. दुकानामागच्या बाभळीच्या कुंपणावर त्या कोळ्यांची जाळी होती. मुलं म्हणायची, तोडून टाकू. काका तोडू देत नसत. जीव आहेत, राहू द्या. आणि नुसतं राहू देऊन ते थांबले नाहीत, खुर्ची टाकून पाहत बसले — कापडाचे धागे मोजायच्या भिंगातून, सात पावसाळे. नोंदीत त्यांनी लिहिलं होतं की पिल्लं जरा मोठी झाली की आई त्यांना स्वतःचं अंग खाऊ देते. जिवंतपणी. पळत नाही.

मी ते खोडलं. ‘आई नैसर्गिकरीत्या मरते व पिल्ले पांगतात’ असं लिहिलं, आणि समासात टीप दिली, ‘प्रत्यक्ष निरीक्षणावरून’. कसलं निरीक्षण? तोवर ते जाळं मी एस्टीच्या खिडकीतूनही धड पाहिलं नव्हतं. माझ्याजवळच्या पुस्तकात तसं काही नव्हतं, एवढंच.

इथे थांबता आलं असतं तर — पण खरी गोष्ट पुढेच आहे.

संपादकांनी माझी सुधारणा काकांना कळवली. काकांचं मला पोस्टकार्ड आलं. एकदा या, सोबत पाहू. रागाचा एक शब्द नाही. मी गेलो. पावसाची उघडीप होती, सकाळचं ऊन होतं. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

“पाहा तुमी, प्रोफेसर. माह्या डोयाचा आता भरवसा नाई राह्यला. तुमी सांगान तेच खरं.”

मी वाकलो. जाळ्याच्या तोंडाशीच ती होती. अंगावर पिल्लंच पिल्लं, तिच्या पोटाला तोंडं लावून. आणि — तिचा पाय हलला. हळूच. मग पुन्हा एकदा. तिनं एकालाही झटकलं नाही. किती वेळ पाहिलं मी? पुरेसा वेळ पाहिलं. काकांचं अक्षर न् अक्षर खरं होतं.

आणि मला ती समासातली टीप आठवली. ते पत्र मिरवलेलं आठवलं. मी सरळ उभा राहिलो.

“माय त आदीच मेली हाये, काका. पिल्लं नुसती बसून राह्यली तिच्या अंगावर.”

त्यांनी वाद घातला नाही. घातला असता तर — पण नाही घातला. कुंपणाकडे तोंड वळवून म्हणाले,

“मंग सात वर्सं म्या काय पाह्यलं?”

मला नाही विचारलं ते. स्वतःलाच विचारलं. मग त्यांनी मला चहा पाजला, एस्टीपर्यंत सोडायला आले, आणि ते भिंग माझ्या खिशात घातलं. त्यांना आता त्याचा काय उपयोग, असं म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं, नक्कल मलाही धाडली. माझी दृष्टी अधू आहे, प्रोफेसरसाहेबांनी सुधारलं तेच बरोबर, त्यांचे आभार. बाभळीजवळची खुर्ची दुकानात आली. ती पुन्हा बाहेर गेली नाही.

दोनेक वर्षांनी खंड छापून आला. तोवर काकांना जवळजवळ दिसेनासं झालं होतं. त्यांनी निरोप पाठवला, तुमीच येऊन वाचून दाखवा. दुकानात, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून मी सगळी नोंद वाचली. ते मांडीवर हात ठेवून ऐकत होते.

“ते मायचं वाक्य परत वाचा बरं,” ते म्हणाले.

मी परत वाचलं. सावकाश, स्पष्ट, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून.